आखाती देशात परिचारिकेची नोकरी स्वीकारण्यापूर्वी
परभणी किंवा नांदेडहून परिचर्येचे शिक्षण घेऊन सौदी अरेबियात जाऊ पाहणाऱ्या मुलीला घरात पहिल्यांदा विचारले जाते, "तिकडे बायकांना काम करू देतात का?" हा प्रश्न जुना झाला आहे. तिथे २०१८ पासून स्त्रिया गाडी चालवतात आणि २०१९ पासून २१ वर्षे पूर्ण केलेल्या सौदी स्त्रीला पासपोर्टसाठी वलीची, म्हणजे वडील किंवा पती अशा पुरुष पालकाची, संमती लागत नाही. सगळे मुस्लिमबहुल देश एका मापाने मोजणेही चुकीचे आहे. इंडोनेशियात निम्म्याहून अधिक स्त्रिया श्रमबाजारात आहेत, तर इराणच्या नागरी संहितेचे कलम १११७ पतीला काही परिस्थितीत पत्नीचा व्यवसाय थांबवण्याचा अधिकार देते. म्हणून ज्या देशात जायचे, त्याच देशाचा कायदा आधी समजून घ्यावा आणि त्यातले किती आपल्या करारात उतरले आहे ते पाहावे.

करार वाचताना पगाराच्या एकूण आकड्यावर थांबू नये. मूळ वेतन, राहण्याची सोय आणि जादा तासांचा मोबदला वेगवेगळा लिहून घ्यावा, कारण एजंटने तोंडी सांगितलेले नंतर कोणी मान्य करत नाही. संयुक्त अरब अमिरातीत २०२० च्या दुरुस्तीनुसार समान मूल्याच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यावे लागते; पण एकाच कामाला दोन पदनामे दिली की हा भेद सहज झाकता येतो, त्यामुळे आपले पदनाम, अनुभवाची किती वर्षे धरली आणि बढतीची अट काय, हे लेखी विचारावे.

लग्न ठरलेल्या मुलीने रजेचा हिशेब आधीच करावा. भारतात पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे प्रसूती रजा मिळते. सौदीत २०२५ पासून ती १२ आठवडे आहे आणि अमिरातीच्या खासगी क्षेत्रात ६० दिवस, त्यांपैकी ४५ पूर्ण वेतनाचे व १५ अर्ध्या वेतनाचे.

परदेशी परिचारिकेची खरी अडचण वलीपेक्षा मालकाची असते, असे मला वाटते. तिचा निवास परवाना नोकरीशी बांधलेला असतो, म्हणून छळ झाला तरी नोकरीबरोबर राहण्याचा हक्कही जाईल या भीतीने ती गप्प बसते. सौदीच्या २०१८ च्या छळविरोधी कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड आहे, गंभीर प्रकारात त्याहूनही अधिक. पण पुराव्याशिवाय तक्रार टिकणे कठीण असते, म्हणून संदेश आणि ड्यूटीचे तक्ते पहिल्या दिवसापासून जपावेत. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. मालकाला तो ठेवून घेण्याची मुभा नाही.

भेटीच्या व्हिसावर मुळीच जाऊ नये. या देशांत जाणाऱ्या भारतीय परिचारिकांसाठी २०१५ पासून सरकारची उत्प्रवास मंजुरी, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जाण्याची परवानगी, आवश्यक आहे आणि ती सरकारच्या ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. निघण्याआधी कराराची व पासपोर्टची एकेक प्रत घरी, आणि 'मदद' या परराष्ट्र मंत्रालयाच्या तक्रार पोर्टलची माहिती आई-वडिलांपैकी एकाच्या फोनमध्ये, असायलाच हवी.