टाचदुखीसाठी टूलने घासायची थेरपी घरी कशी करावी, आणि हात कुठे आवरावा

सकाळी उठून पाय फरशीवर टेकला की टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ येते, मग भिंतीला धरून लंगडत बाथरूमपर्यंत गेलं की जरा मोकळं होतं आणि आपण म्हणतो चला, गेलं. संध्याकाळी परत तेच. मी शाळेत शिकवते, दिवसाचे पाच-सहा तास उभी, आणि असे आठ महिने काढले. एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलेलं दिसलं तेव्हा तर घाबरलेच, पण फिजिओ मॅडमनी समजावलं की असं वाढलेलं हाड कित्येक जणांना असतं आणि त्यांना काहीच दुखत नाही, माझं खरं दुखणं तळव्याखालच्या जाड पट्ट्याचं आहे, जो टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जातो. त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. त्यांनी स्टीलचं एक गुळगुळीत टूल घेऊन तळवा आणि पोटरी घासली, व्यायाम दिले, आणि मग हळूहळू पाय माझा झाला. आता ओळखीतले सगळे विचारतात की ते टूल कुठलं, म्हणून नीट सगळं लिहिते, कारण नुसतं टूल विकत घेऊन काही होत नाही हे मी स्वतः करून बसलेय.

या थेरपीला फिजिओ लोक आयएएसटीएम म्हणतात, म्हणजे हाताऐवजी टूलने स्नायू, त्यांना हाडाशी जोडणारे दोर आणि त्यावरचे पडदे मोकळे करणं. चीनमध्ये ग्वा शा म्हणून घासायची पद्धत फार जुनी आहे. आजची स्टीलच्या टूलची जी पद्धत फिजिओकडे दिसते तिच्यातलं एक मोठं नाव अमेरिकेतल्या डेव्हिड ग्रॅस्टनचं, 1987 मध्ये वॉटर स्कीइंग करताना त्याच्या गुडघ्याला मार बसला, हाताने मसाज करून करून बोटं दुखायची आणि माणूस मशीनवर काम करणारा, म्हणून त्याने स्वतःच स्टीलची टूल्स घडवली. आपल्याकडे काशाच्या वाटीने तूप किंवा खोबरेल तेल लावून तळपाय घासतात तो प्रकार वेगळा, तो हलका आणि झोप येण्यासाठी, पण वाटीची गोल कड तळव्यावरून फिरताना जो हात लागतो ना, तसाच हात या कामाला पण पाहिजे, एवढं लक्षात ठेवा.

आधी एक गैरसमज काढून टाकूया. आत गाठी झाल्यात आणि टूलने त्या फोडायच्या असं सगळीकडे सांगतात, मीही तेच समजून जोरात घासत होते. पण हा पट्टा भयंकर चिवट असतो, 2008 च्या एका गणिती अभ्यासात असं निघालं की त्याचा आकार नुसता 1 टक्का बदलायला शेकडो किलोंचा दाब लागेल. आपल्या हातात एवढा जोर नसतो आणि नकोच. मग फायदा कशाने होतो तर बराचसा मज्जातंतूंच्या पातळीवर, म्हणजे त्या जागेची कळ थोडा वेळ कमी होते, ताठरपणा सैलावतो, रक्तपुरवठा वाढतो. उंदरांच्या गुडघ्याच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यावर, 2009 मध्ये प्रयोग झाला होता, त्यात टूल वापरलेली बाजू चार आठवड्यांनी जास्त मजबूत निघाली पण बारा आठवड्यांनी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. माणसांवरच्या अभ्यासांचे निकाल पण संमिश्र आहेत, सांध्याची हालचाल थोड्या काळापुरती सुधारते हे बऱ्यापैकी दिसतं, दुखणं कायमचं जातं असं नुसत्या घासण्याने सिद्ध झालेलं नाही. म्हणून मी याच्याकडे असं बघते की घासल्यावर थोडा वेळ पाय कमी दुखतो आणि त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा. खरं काम व्यायामाचं.

आता कुणी करायचंच नाही ते, आणि कृपया हे वरवर वाचू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, मग ते वॉरफॅरिन असो नाहीतर अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या असो, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टूल लावायचं नाही. डायबेटिसमुळे पायाला बधिरपणा असेल तर तर अजिबातच नाही, कारण किती जोर लागतोय हे कळतच नाही आणि छोटीशी जखम मोठी होऊन बसते. पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा असतील तिथे नाही, जखम, पुरळ, नायटा, सूज असेल तिथे नाही, हाड मोडल्याची शंका असेल, कॅन्सरचे उपचार चालू असतील किंवा स्टिरॉइड बरेच महिने घेतलं असेल तरी नाही. टाचेत नुकतंच इंजेक्शन घेतलं असेल तर कधी सुरू करायचं ते ज्यांनी दिलं त्यांनाच विचारा. आणि एका पायाची पोटरी अचानक सुजली, गरम लागतेय, दाबली की दुखतेय, तर ती शिरेतली रक्ताची गाठ असू शकते, तिथे मसाज, टूल, तेल काही म्हणजे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर. पाय कालपरवा मुरगळला असेल तरी थांबा, ही थेरपी जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याची आहे.

टूल महाग लागत नाही. कड गोल आणि गुळगुळीत पाहिजे एवढंच, आधी स्वतःच्या हाताच्या आतल्या नाजूक बाजूवर फिरवून बघा, कुठे ओरखडा आला तर ते टूल नको. सुरुवातीला जाड स्टीलच्या डावाची नाहीतर मोठ्या चमच्याची गोल पाठ पण चालते, मी पहिले दोन आठवडे तेच वापरलं.

घासायच्या आधी पाय गरम करून घ्या, घरातल्या घरात पाच मिनिटं चाला किंवा कोमट पाण्यात पाय बुडवून बसा, मग नीट पुसा. खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, तळवा आपल्याकडे. थोडं व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा, फार नको, नाहीतर टूल नुसतं सटकतं आणि हाताला काही कळत नाही. एका हाताने पायाची बोटं मागे वाकवा म्हणजे पट्टा ताणला जातो आणि दोरीसारखा हाताला लागतो. आता टूल कातडीवर साधारण 45 अंशात तिरकं धरा, उभं धरलं तर ते रुततं, आणि आधी नुसतं हलक्या हाताने टाचेकडून बोटांकडे सगळीकडे फिरवून घ्या. हा भाग लोक गाळतात पण माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा, कारण फिरवताना कुठे गुळगुळीत जातं आणि कुठे वाळूवरून गेल्यासारखी खरखर लागते ते कळतं, कुठे आपण पाय मागे घेतो तेही कळतं. मला टाचेच्या आतल्या बाजूला, जिथे हाड संपतं त्याच्या जरा पुढे, ती जागा मिळाली होती.

जागा मिळाली की तिथे चार-पाच सेंटिमीटरच्या छोट्या घासण्या, एका दिशेने, मग उलट्या दिशेने, सावकाश. एका जागेवर 30 ते 60 सेकंद, आणि सगळा तळवा मिळून तीन मिनिटांच्या वर नाही. दुखणं दहापैकी तीन-चारच्या वर जाता कामा नये, म्हणजे बरं वाटणारं दुखणं असतं ना तेवढंच, दात आवळायला लागले म्हणजे जोर जास्त झाला. टाचेच्या हाडावर थेट घासू नका.

कातडी गुलाबी झाली, गरम लागली की थांबा. मी इथेच चुकले होते, ऑनलाइन व्हिडिओ बघून टूल मागवलं आणि पंधरा मिनिटं रोज असं तीन दिवस घासलं, चौथ्या दिवशी तळवा निळा-काळा आणि शाळेत खुर्चीवर बसून शिकवायची वेळ आली. निळं पडलं म्हणजे आतलं वाईट बाहेर आलं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटून रक्त साकळलेलं असतं ते. तसं झालंच तर डाग पूर्ण जाईपर्यंत तिथे टूल लावायचं नाही.

पोटरी पण घ्या, कारण पोटरी ताठ असली की टाचेवर ओढ पडते. पाय लांब करून गुडघा जरा वाकवून बसा, घोट्याच्या वरपासून सुरू करून पोटरीच्या मांसल भागावर वरच्या दिशेने लांब घासण्या, तीनेक मिनिटं. गुडघ्यामागच्या खळग्यात मात्र जाऊ नका, तिथे नसा आणि रक्तवाहिन्या वरच असतात, आणि नडगीच्या हाडावर पण नको. हे सगळं आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, मध्ये एक दिवस तरी मोकळा.

टूल खाली ठेवलं की लगेच उठायचं नाही, अर्धं काम तर आता आहे. तेल नीट पुसून टाका, घसरून पडाल नाहीतर. बसल्या बसल्या बोटं हाताने नडगीकडे ओढून 10 सेकंद धरा, असं 10 वेळा. हा ताण रोज तीनदा करायचा आणि त्यातला पहिला सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवायच्या आधी, हे एवढं एक जरी पाळलं तरी सकाळची ती पहिली कळ पुष्कळ कमी होते. मग टाचा उचलण्याचा व्यायाम, जिन्याच्या पायरीवर किंवा जाड पुस्तकावर पायाचा पुढचा भाग ठेवून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी करून, कठड्याला धरून. तीन सेकंदात वर, दोन सेकंद वर थांबा, तीन सेकंदात खाली. 12 वेळा, असे तीन सेट, एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये हा व्यायाम नुसत्या ताणाच्या व्यायामाशी ताडून बघितला तेव्हा तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालेलं होतं, वर्षाने मात्र दोन्ही गट सारखेच आले, म्हणजे बरं होतंच पण हा लवकर बरं करतो. खरा व्यायाम एका पायावर आहे, पण मला सुरुवातीला जमेना म्हणून दोन्ही पायांवर केला आणि महिन्याभराने एका पायावर गेले. जमायला लागलं की पाठीवर सॅकमध्ये पुस्तकं घालून वजन वाढवायचं.

घरात अनवाणी फरशीवर फिरणं पण बंद करा, आपल्याकडे घरात चप्पल घालणं लोकांना बरं वाटत नाही हे माहितेय, माझ्या सासूबाई पण बोलल्या, पण एक स्वच्छ जोड फक्त घरासाठी ठेवला आणि त्याही आता तसाच घालतात. व्यायामानंतर थोडं ठणकलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर पुढच्या वेळी घासणं अर्ध्यावर आणा, व्यायामाचा एक सेट कमी करा.

एक वही ठेवा आणि रोज सकाळच्या पहिल्या दहा पावलांना दहापैकी किती दुखलं तो आकडा लिहा, कारण हे दुखणं इतकं सावकाश उतरतं की रोजच्या रोज काही कळत नाही आणि माणूस कंटाळून सोडून देतो. माझा आकडा पहिल्या आठवड्यात सात होता, पाचव्या आठवड्यात चार, एक झाला तेव्हा चौथा महिना चालू होता. सहा आठवड्यांत तुमचा आकडा हललाच नाही, किंवा रात्री झोपेत पण दुखतंय, तळव्याला मुंग्या येतायत, दोन्ही टाचा एकदम धरल्यात आणि सकाळी कंबर पण ताठ असते, तर घरचे प्रयोग थांबवून ती वही घेऊन डॉक्टरांकडे नाहीतर फिजिओकडे जा, त्यांना त्या आकड्यांवरून बरंच काही कळतं.