पॅनलचं घड्याळ आधी बघा

सावंतवाडीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलो तेव्हा फायर अलार्म म्हणजे भिंतीवरची लाल पेटी आणि तिच्यावरची काच, एवढंच मला ठाऊक होतं. पहिली नोकरी लागली ती एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या, कामांवर. मालवण, वेंगुर्ले, कणकवलीची हॉटेलं, एकदोन हॉस्पिटलं, कुडाळ एमआयडीसीतले काही कारखाने. वायरिंगची भीती कधी वाटली नाही. भीती वाटायची ती पॅनलच्या, म्हणजे धूर ओळखणारे सगळे डिटेक्टर जिला जोडलेले असतात त्या मुख्य पेटीच्या, छोट्या स्क्रीनची. एक बटण चुकलं तर अख्खं हॉटेल रस्त्यावर येईल, असं वाटायचं.

या कामात नव्याने आलेल्यांसाठी म्हणून हे लिहितोय.

कंपनी कुठलीही असो, मेनूचे दोन भाग डोक्यात वेगळे ठेवा: बघायचा आणि बदलायचा. पासवर्ड न टाकता जे दिसतं ते बघायचं. चालू अलार्म, फॉल्ट, बंद ठेवलेल्या वस्तू आणि बऱ्याच पॅनलवर इव्हेंट लॉगसुद्धा. दुसऱ्या पातळीला किल्ली किंवा कोड लागतो. तिथून हूटर (इमारतभर वाजणारे भोंगे) गप्प करणं, रिसेट, डिटेक्टर डिसेबल करणं ही कामं होतात. त्याच्याही आत प्रोग्रॅमिंग. पहिले सहा महिने तिथे जाऊ नका, गेलात तर एकटे जाऊ नका. ऑटो-लर्न, म्हणजे जोडलेले डिटेक्टर पॅनलने आपोआप ओळखायचे, असा पर्याय दिसला की हात शिवशिवतात. काही पॅनलमध्ये तो चालवला की कुणीतरी चार दिवस बसून भरलेली खोल्यांची नावं पुसली जातात आणि मग ‘रूम २०४’च्या जागी नुसता आकडा दिसतो.

माझी पहिली चूक रिसेटची. मालवणजवळच्या एका हॉटेलात पॅनल अधूनमधून वाजायचं. मी गेलो तेव्हा पॅनलमधला बझर चालूच होता. मॅनेजर डोक्यावर उभा, गिऱ्हाईक जिन्यात. मी कोड टाकून थेट रिसेट मारला. शांतता झाली, मॅनेजर खूश. मागून आमचे सीनियर आले. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणायचो.

“पहिलो खंयचो इलो?”

मी गप्प.

“मेल्या, मगे रिसेट कित्याक मारलंस?”

पहिला कुठला, हाच खरा प्रश्न. धूर पसरत जातो तसे मागून आणखी डिटेक्टर लागतात, पण सुरुवात कुठून झाली ते पहिली नोंद सांगते. आधी बझर बंद करा, म्हणजे डोकं चालेल. मग स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या: लूप (पॅनलमधून निघून डिटेक्टर जोडत परत पॅनलमध्ये येणारी वायर), ॲड्रेस (त्या लूपवरचा डिटेक्टरचा क्रमांक), जागेचं नाव. त्या जागी माणूस जाऊन बघून आला की हूटर थांबवा, रिसेट सगळ्यात शेवटी. रिसेटनंतर नोंद लॉगमध्ये राहते हे खरं, पण शेकडो नोंदींतून ती शोधावी लागते.

तशी ती आम्ही शोधली. लूप १, ॲड्रेस २३, पहिल्या मजल्याची लॉबी. कधी प्री-अलार्म, म्हणजे आधीचा इशारा, कधी पूर्ण अलार्म, आणि वेळ जवळपास रोजची: दुपारी दीडपावणेदोन. खाली स्वयंपाकघर. मी लगेच निकाल दिला, फोडणीचा धूर जिन्याने वर येतो. दोन दिवस आम्ही दुपारी तिथे जाऊन बसलो. सुरमईची थाळी चांगली होती, पॅनल मात्र हूं की चूं करीना.

दुसऱ्या दिवशी निघताना दादा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत थांबले. बाहेर उन्हं कलली होती, माझ्या मोबाइलमध्ये पाच वाजले होते. पॅनलमध्ये अकरा वीस. लॉगमध्ये मागे गेल्यावर उलगडा झाला: मेन्स फेल, नंतर बॅटरी लो, मग सगळं बंद. वादळात वीज गेली ती दोन-तीन दिवस आलीच नव्हती. आतल्या दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या साधारण दिवसभराच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. नंतर कुणीतरी तारीख नीट केली आणि वेळ तशीच सोडली. पाच तास चाळीस मिनिटं मिळवली तर पावणेदोनचे होतात सव्वासात, साडेसात. दिवेलागणीची वेळ. रिसेप्शनवरची मुलगी तेव्हा जिन्याखालच्या गणपतीसमोर धूप लावायची, आणि बरोब्बर वर ॲड्रेस २३.

तेव्हापासून पॅनलसमोर गेलं की मी आधी घड्याळ ताडून बघतो.

आता डिसेबलबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. रंगकाम, वेल्डिंग, फरशी घासणं असलं काही निघालं की डिटेक्टर डिसेबल करतात, आणि काम संपल्यावर विसरतात. एका इमारतीत मला अकरा डिटेक्टर बंद सापडले. डिसेबलचा पिवळा दिवा तर लागायलाच हवा होता, म्हणून जवळ जाऊन बघितलं तर दिव्यावर काळी इन्सुलेशन टेप, वर बोटाने नीट दाबलेली. दिवा त्रास देतो म्हणून! मी सुरुवातीलाच डिसेबलची यादी उघडून वहीत उतरवतो आणि निघताना पुन्हा ताडतो. वॉक टेस्टचंही तसंच. त्यात हूटर न वाजवता एकेक डिटेक्टर धुराचा स्प्रे मारून तपासता येतो, पण पॅनल त्या मोडमध्येच सोडून घरी गेलात तर खऱ्या आगीलाही ते टेस्टच समजेल. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो, तेव्हा या तपासण्यांची घाई उडते. विसरायची वेळही तीच.

पावसाळ्यात फॉल्टच्या यादीत अर्थ फॉल्ट, म्हणजे वायर कुठेतरी अर्थला लागल्याची खूण, दिसेलच. मेनू तो आहे एवढंच सांगतो, कुठे आहे ते सांगत नाही. एकेक लूप सोडवून बघायचा, मग बाहेरच्या भिंतीवरचे जंक्शन बॉक्स उघडायचे. आमच्याकडे दहात आठ वेळा तिथेच पाणी सापडतं आणि खाऱ्या हवेने हिरवे पडलेले टर्मिनल. ओपन लूप फॉल्टला मात्र कमी लेखू नका. वायर एका जागी तुटली तरी पॅनल दोन्ही टोकांनी लूप चालवतं, सगळे डिटेक्टर दिसत राहतात, म्हणून लोक आठवडे काढतात. दुसऱ्या जागी तुटली की मधले सगळे गेले.

त्या हॉटेलात धूप व्हरांड्यात गेला, डिटेक्टर साफ केला, घड्याळ लावलं. पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा २३ ची एकही नोंद नव्हती. घड्याळ मात्र चार मिनिटं पुढे होतं.