दुसरीतली गाडी आणि पाचवीतली गाडी

बडोद्यात डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) किंवा फाइन आर्ट्स करून प्राथमिक शाळेत डिझाइन-टेक्नॉलॉजी, म्हणजे वस्तू स्वतः आखून, बनवून, पारखून शिकायचा विषय, शिकवायला येणाऱ्या मुलामुलींशी बोलणं होतं, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: कुठल्या इयत्तेकडून काय बनवून घ्यायचं? पहिलीला मुखवटा, तिसरीला पूल, पाचवीला रोबो, अशी यादी त्यांना हवी असते. मी यादी देत नाही. एकच वस्तू घ्या आणि ती दुसरीत, चौथीत, पाचवीत कशी बदलत जाते ते बघा, असं सांगते. माझ्या वर्गात ती वस्तू म्हणजे गाडी.

भाद्रपदात इथल्या मराठी घरांत गणपती असतात, पोरांच्या डोक्यातही तेच घोळत असतं. म्हणून दुसरीला काम देते मिरवणुकीच्या गाडीचं. बोटभर उंचीची मातीची मूर्ती न पडता वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली पाहिजे. सामान म्हणजे बाटल्यांची चार झाकणं, बांबूच्या दोन काड्या आणि एक रिकामं खोकं. बहुतेक मुलं काडी थेट खोक्याला फेविकॉलने चिकटवतात आणि चाकं काडीला चिकटवतात. दोन्ही पक्कं. वर झेंडूच्या पाकळ्या, पताका, सगळं देखणं होतं, आणि ढकलली की गाडी फरशीवर घासत जाते, मूर्ती तोंडावर पडते.

इथे नव्या शिक्षकाचा हात आपसूक पुढे होतो. तो आवरा. मुलाला गाडी उलटी करून बघू द्या. "टीचर, चाक फिरतच नाही." एवढं त्याच्या तोंडून आलं की विचारा, काय काय फिरायला हवं? नुसतं चाक, की काडीसकट चाक? मग टेबलावर सरबताच्या स्ट्रॉचे तुकडे ठेवा आणि बाजूला व्हा. कुणीतरी काडी स्ट्रॉमध्ये घालून बघतं, मग काडीऐवजी स्ट्रॉ खोक्याला चिकटवतं, आणि ती युक्ती वर्गभर पसरते. दुसऱ्याचं बघून केलं म्हणून कुणाला रागावू नका. आस, म्हणजे चाकं बसवलेला दांडा, फिरता ठेवायचा आणि त्याला धरणारी जागा घट्ट ठेवायची, ही गोष्ट त्या वयात हातातून आत जाते, फळ्यावरून जात नाही.

चौथीत हीच गाडी परत येते. आता काडी आणि स्ट्रॉचं नातं त्यांना ठाऊक असतं, त्यामुळे माझं लक्ष मापाकडे जातं. पाव किलो वजन घेऊन गाडी सरळ रेषेत गेली पाहिजे. सरळ जायची तर दोन्ही आस एकमेकांना समांतर हवेत, म्हणजे पट्टी, पेन्सिल आणि मिलिमीटर आले. सांगाडा आयत्या खोक्याचा नसतो, सपाट पुठ्ठ्यावर आकृती काढून, कापून, दुमडून करायचा. दुमडायच्या रेघेवर पट्टी धरून संपलेल्या बॉलपेनाचं टोक दाबून फिरवलं की पुठ्ठा स्वच्छ कोनात वळतो. हे एवढंसं कसब तिसरीत शिकवून ठेवलेलं असलं, तर चौथीतला अर्धा गोंधळ वाचतो. शिवाय चौथीतलं मूल कात्री हातात घेण्याआधी वहीत लिहितं, माझी गाडी चांगली झाली हे मी कशावरून ठरवणार? दोन-तीन अटी, त्याच्याच शब्दांत.

पाचवीत मोटर येते. खेळण्यातली छोटी मोटर, दीड व्होल्टचे दोन सेल, ॲल्युमिनियम फॉइलचं बटण. मुलं आधी चाक थेट मोटरच्या दांडीवर बसवतात. मोटर हातात गरगर फिरते, जमिनीवर टेकवली की अडते. वेग भरपूर आहे, जोर नाही. मग मोटरवर लहान पुली (कडेला खाच असलेली चकती), आसावर मोठी पुली आणि दोन्हींमध्ये रबरबँड, म्हणजे वेग उतरतो आणि जोर वाढतो. मोठी पुली किती मोठी, हे मी सांगत नाही. पुठ्ठ्याच्या दोन-तीन मापांच्या चकत्या कापून, गाडी चालवून, वहीत नोंदवून त्यांनीच ठरवायचं.

आता तिन्ही गाड्या शेजारी ठेवा. दुसरीत काय बनवायचं, कशाचं बनवायचं, ते मी ठरवलेलं असतं. मुलाच्या वाट्याला एकच निर्णय येतो. चौथीत माप आणि आकार त्याचे, चांगलं कशाला म्हणायचं तेही त्याचं. पाचवीत कुठली चाचणी घ्यायची, हेदेखील मूल ठरवतं. मला प्रगती दिसते ती इथे. पाचवीची गाडी कदाचित दुसरीच्या गाडीहून ओबडधोबड दिसेल, प्रदर्शनात पालक दुसरीच्याच गाडीचे फोटो काढतील. त्याने तुमचं मन खट्टू होऊ देऊ नका.

हा विषय डिझाइन-टेक्नॉलॉजी म्हणून इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 1990 मध्ये आला. सध्याचा अभ्यासक्रम तिथे 2014 पासून चालू आहे आणि तो काही पानांत वाचून होतो, जरूर वाचा. डिझाइन करणं, बनवणं, पारखणं, तांत्रिक ज्ञान, आणि वेगळा भाग म्हणून स्वयंपाक व पोषण, अशी त्याची मांडणी आहे. साधारण पाच ते सात वयाला तरफा, सरकपट्ट्या, चाकं आणि आस. सात ते अकराला गिअर, पुली, कॅम (फिरताना दांडी वर-खाली करणारी चकती), दिवे-बझर-मोटर यांची एकसरी मंडलं (एकामागे एक जोडलेली विजेची जोडणी) आणि कॉम्प्युटरने नियंत्रण. चित्रही बदलतं: आधी नुसतं बोलणं आणि साधं रेखाटन, पुढे नावं लिहिलेली आकृती, छेदचित्र, सुटे भाग वेगवेगळे दाखवणारं चित्र. आपल्याकडे अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा) सहावीपासून, 2020 च्या शैक्षणिक धोरणातले सुतार-कुंभारांकडे जायचे दहा दप्तराविना दिवसही सहावी ते आठवीतच. शालेय शिक्षणाच्या 2023 च्या राष्ट्रीय आराखड्याने मात्र खालच्या इयत्तांतही हातकामाची तयारी धरली आहे. ती तयारी पहिली ते पाचवीत झाली नाही, तर सहावीतला महागडा संच उघडूनही पोराला तार सोलता येत नाही. आपली नोकरी त्या पाच वर्षांची आहे.

गाडीवर एवढं लिहिलं, कारण तीत सगळं एकत्र येतं. शिवणात पहिली-दुसरीला गोणपाटावर बोथट सुईने धावदोरा, तिसरी-चौथीला सुती कापडावर उलटी टीप आणि बटण, पाचवीला कागदी नमुना कापून, शिवणीची जागा सोडून पिशवी. खाण्यात केळं सोलण्यापासून सुरुवात, मग काकडीची कोशिंबीर. चिरताना बोटं आत वळवून धरायची, ही सवय पहिल्या दिवसापासून. पुढे भेळ, आणि पाचवीत थालीपिठाचं पीठ कुठलं आणि किती ते गटाने ठरवायचं. रचनांचं काम तिसरीला विशेष गोड लागतं. दोन पुस्तकांवर आडवा ठेवलेला साधा कागद एका नाण्याने वाकतो, तोच पंख्यासारखा घड्या घालून ठेवला की मूठभर नाणी पेलतो. तो क्षण वर्गात एकदा तरी घडवाच.

बडोद्यात शिकवत असाल तर डिसेंबर-जानेवारी वाया घालवू नका. उत्तरायणाच्या आधी गेंडीगेटला पतंगांचा बाजार भरतो आणि मुलांना पतंगातलं आपल्याहून जास्त कळतं. चौथी-पाचवीला मी सांगते, पतंगाची कमान दोन्ही बाजूंना सारखी वाकते का ते बोटावर तोलून बघा. एका बाजूची कामटी जाड राहिली तर पतंग एका बाजूला गोता खातो. मग पॉलिश पेपरने जाड बाजू घासायची, परत तोलायची. किन्ना, म्हणजे मांजा जोडायचा पतंगावरचा दोरा, थोडा वर-खाली बांधून फरक नोंदवायचा. पारखणं आणि सुधारणं हे दोन शब्द ज्यांना वर्गात कंटाळवाणे वाटतात, तीच पोरं गच्चीवर तासभर हे न सांगता करतात.

सुधारण्यासाठी वेळ राखून ठेवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आहे, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. नवा शिक्षक सगळे तास बनवण्यात घालवतो, शेवटच्या तासाला वस्तू पूर्ण होते आणि घरी जाते. सहा तासांचं काम असेल तर चौथ्या तासाच्या शेवटी पहिली चाचणी झालीच पाहिजे. उरलेले दोन तास तोडून परत जोडायचे. पहिल्या प्रयत्नात चालली नाही म्हणून रडणारं मूल दुसरीत असतं, तेच पुढे पाचवीत चाचणीची वाट बघायला लागतं. हा बदल आपोआप होत नाही, दरवर्षी ते दोन तास मिळाले तरच होतो.

काही पालक विचारतील, हे बाहेरचं खूळ आपल्या पोरांना कशाला? त्यांना कलाभवनाची आठवण द्या. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये इथे कारागिरी आणि तंत्रशिक्षणाची ती संस्था काढली, दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी अँड इंजिनिअरिंग फॅकल्टीत नांदते आहे. त्याच महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. हात आणि पाटी दोन्हींचा विचार या गावात शंभर वर्षांहून जुना आहे.

नोकरीबद्दल थोडक्यात. गुजरातेत सरकारी प्राथमिक शाळेसाठी पात्रता परीक्षा द्यावी लागते. खासगी शाळा कलाशिक्षक किंवा ॲक्टिव्हिटी टीचर म्हणूनही घेतात, तिथून या विषयात शिरता येतं. मुलाखतीला नुसत्या तयार वस्तूंचे फोटो नेऊ नका. एकाच मुलाच्या कामाचे पहिला प्रयत्न, मोडलेला भाग, दुरुस्ती असे टप्पे दाखवा, त्यावरून तुम्ही कसं शिकवता ते कळतं. मुलांचे चेहरे मात्र फोटोत घेऊ नका.

आणि तुम्हीही शाळेला प्रश्न विचारा. एका वेळी वर्गात किती मुलं? कात्र्या किती? अर्धवट कामं आठवडाभर ठेवायला फळी किंवा कपाट आहे का? मागच्या इयत्तेत मुलांनी काय केलं, याची नोंद कुणाकडे आहे? बहुतेक ठिकाणी ती नसते, तर पहिल्याच महिन्यात तुम्ही सुरू करा, इयत्तेला एक पान पुरतं. शेवटचं म्हणजे सलग दोन तास मागा. एका तासात सामान वाटून होतं आणि आवरायची घंटा होते. आठवड्याला दोन सुटे तास देण्यापेक्षा पंधरवड्याला जोडतास द्या, असं मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगा. वेळापत्रक जूनमध्ये पक्कं होतं, म्हणून हे बोलणं मे महिन्यातच उरकून घ्या.