थर्मोस्टॅट गेलाय का? पातेल्यात बघा

खंबाटकी चढताना टेंपरेचरचा काटा लालकडं गेला की लगेच रेडिएटर बदलायच्या मागं लागू नका. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा होजपाईप चटका देतोय आणि खालचा गारच, तर बहुतेक थर्मोस्टॅट (गरम पाणी रेडिएटरकडं सोडणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही.

१. काढून जुन्या पातेल्यात दोऱ्यानं टांगा, पाणी तापवा (बायकोचं चांगलं पातेलं नको). थर्मोस्टॅटवर ८२, ८८ असा काहीतरी अंशांचा आकडा असतो, त्याच्या आसपास उघडायला लागला पाहिजे, पाणी खळखळलं तरी मिटलेलाच असला तर गेला.
२. नवा बसवताना स्प्रिंग इंजिनकडं, गॅस्केट नवीनच, मग कूलंट भरून हवा काढा.

मेकॅनिक म्हणतो काढूनच टाक, ऐकू नका, साताऱ्याच्या थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो आणि डिझेल जास्त खातं.

आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.