पाणलोटाचं काम: जेसीबी सगळ्यात शेवटी

गावात पाणलोटाचं काम, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जमिनीत मुरवायचं काम, करायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, "जेसीबी कधी येणार?" माझा प्रत्येक गावाला एकच आग्रह असतो: यंत्राची घाई नको. या कामाची सुरुवात आदल्या पावसाळ्यात, पायी फिरून होते.

पाऊस पडत असतानाच शिवारफेरी काढा. सोबत गुराखी हवाच. कुठल्या घळीतून लोंढा येतो, कुठला बांध दरवर्षी फुटतो, हे त्याला तोंडपाठ असतं. पाच-सहा विहिरी निवडा. दोराला दगड बांधून पाणी काठापासून किती खोल आहे ते ऑक्टोबर, जानेवारी आणि मे महिन्यात वहीत लिहा, पावसाची नोंदही ठेवा. ही वही नसेल तर नंतर पाणी कामामुळे वाढलं की नुसता पाऊस चांगला झाला, हे कुणालाच सांगता येत नाही.

मग ग्रामसभेचा ठराव आणि ज्यांच्या शेतात काम आहे त्यांची लेखी संमती. वनजमीन असेल तर वनविभागाची परवानगी आधी.

आराखडा माथ्याकडून पायथ्याकडेच करायचा. उतारावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब चर), मग घळीत दगडी बांध, शेवटी नाल्यावर बंधारे. उलटं केलंत तर वरची माती येऊन बंधारा गाळानं भरतो. 60 सेंटीमीटर रुंद आणि 30 सेंटीमीटर खोल चर मीटरमागे 180 लिटर पाणी धरतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. हा हिशोब ग्रामसभेत फळ्यावर मांडा, किती चर लागतील ते लोकच सांगतात.

आखणीत मात्र जराही हयगय नको. ए-फ्रेम म्हणजे पातळी बघायचं 'A' आकाराचं साधं साधन, त्याला तीन काठ्या, दोरी आणि दगड पुरतो. ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेला दगड, आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाका, मागचा पाय उचलून पुढे फिरवा. पातळी चुकली की पाणी एका टोकाला जमतं आणि तिथूनच चर फुटतो. उपसलेली माती उताराच्या खालच्या अंगाला, फूटभर जागा सोडून टाका.

खोदाई उन्हाळ्यात, भल्या पहाटे. नाल्यातला गाळ काढायला यंत्र आणा, पण खडक फोडत खाली जाऊ नका. आपल्या काळ्या खडकात पाणी मुरमात आणि भेगांत साठतं. तो थर उघडा पडला की आसपासच्या विहिरींचं पाणी नाल्यात उतरतं आणि उन्हानं उडून जातं.

पहिल्या मोठ्या पावसानंतर त्याच दिवशी सगळे चर पाहून या, फुटलेल्या जागा लगेच दुरुस्त करा.

यानंतरचा टप्पा बहुतेक गावं सोडून देतात: पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि ते कशाला वापरायचं याचा हिशोब. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं, तिथले सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या पुढाकारानं, दरवर्षी पावसाच्या हिशोबानं पिकं ठरवली, शेतीसाठी बोअर घेणं बंद केलं. तुमच्या गावातही पावसाळा संपल्यावर ग्रामसभा घ्या, आधी पिण्याचं पाणी आणि गुरांचं पाणी बाजूला काढा, उरलेल्यात काय पेरायचं ते ठरवा. चरांतला गाळ दरवर्षी कुठली वस्ती काढणार, तेही त्याच सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या.