दारामागचा हुक, ओट्याखालचा डबा

पर्यावरणपूरक सवयींच्या याद्या पैशाला पासरी मिळतात. कापडी पिशवी वापरा, पाणी जपून वापरा, वीज वाचवा. यातलं कुणाला माहीत नाही? तरी भाजीवाल्यासमोर आपण हात हलवत उभे राहतो, कारण पिशवी घरी कपाटात, खालच्या खणात, घडी घालून ठेवलेली असते. नवी मुंबईत नेरूळला सिडकोच्या वन बीएचकेत चार माणसांचा संसार करताना माझं एक मत पक्कं झालंय. सवय टिकते की नाही हे वस्तू कुठे ठेवली आहे त्यावर ठरतं. म्हणून इथे काय करा यापेक्षा काय कुठे ठेवा, हेच जास्त सांगणार आहे.

दार

मुख्य दाराच्या मागे, चपला घालताना हात पोचेल अशा उंचीवर एक हुक ठोका. त्यावर दोन मोठ्या पिशव्या, एकीत चार-पाच छोट्या. बाजारातून आल्यावर भाजी ओतली की पिशवी तडक हुकावर. धुवायची असेल तर धुवून, वाळवून हुकावर. कपाटात गेली की ती पिशवी गेलीच समजा.

विकतच्या पिशव्यांची गरज नाही. जुना सुती परकर घ्या. नेफा आणि नाडी तयारच असते. नेफ्यापासून हातभर खाली कापा, उभा कापून अर्धा करा, बाजू आणि तळ शिवा. नाडीवाल्या दोन पिशव्या होतात. मेथी, कोथिंबीर निवडून यात ठेवायची आणि वरून पाण्याचा हबका मारायचा. फ्रिजमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत तिला घाम सुटतो आणि पानं काळी पडतात, तसं इथे होत नाही.

मासळीसाठी हुकाखालीच क्लिपच्या झाकणाचा स्टीलचा डबा ठेवा. आम्ही बेलापूरजवळच्या दिवाळे गावातून मासे आणतो. तिथे एक गोष्ट लक्षात ठेवायची: भाव करायच्या आधी डबा उघडून पुढे धरायचा. कोळीण मावशींचा हात फार चपळ असतो. बोंबील कापून होईपर्यंत काळी पिशवी फुंकून उघडलेलीसुद्धा असते. मग ‘मावशी, पिशवी नको’ म्हटलं की ऐकावं लागतं, ‘अगो, मंग आदी नाय सांगायचं?’ आणि त्यांचंही खरं असतं. बोंबलाला पाणी सुटतं, ती पातळ पिशवी रिक्षात गळते, मग दुसरी पिशवी, मग तिसरी. डब्यात सगळं एका जागी राहतं.

राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, १ जुलै २०२२ पासून देशभरात एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, तरी पिशवी मिळते ती मिळतेच. नवी मुंबईकराने मात्र ती मनावर घ्यायला हवी. आपला बराचसा भाग खाडीला भर घालून उभा राहिलाय आणि भरतीच्या पातळीपेक्षा सखल आहे. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने जागोजागी धारण तलाव केले. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद होते, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला बाहेर पडतं. या सगळ्या व्यवस्थेच्या तोंडाशी पिशव्यांचा बोळा बसला आणि नेमका जोराचा पाऊस नि भरती एकत्र आली की पाणी जाणार कुठे? आपल्याच पार्किंगमध्ये.

ओटा

इथे जरा थांबते, कारण घराच्या कचऱ्याचा निकाल ओट्यावरच लागतो.

ओट्याखाली दोन डबे शेजारी-शेजारी ठेवा, ओला आणि सुका. एक स्वयंपाकघरात आणि दुसरा बाल्कनीत असं केलंत तर सगळं जवळच्या डब्यातच जाणार. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांना एकदा नीट दाखवा, पण आधी घरच्यांना. बिस्किटाचा कागद ओल्या डब्यात टाकणारा आमच्याकडे तरी चिरंजीवच आहे, मावशी नव्हेत. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्यायचे. संपलेले सेल, जुने बल्ब, मुदत गेलेली औषधं यांचा तिसरा डबा कुठेतरी वर असू द्या, तो रोज लागत नाही.

दुधाच्या पिशव्या मात्र सोन्यासारख्या जपा. कोपरा कापताना तुकडा पूर्ण वेगळा करू नका, लोंबता राहू द्या. तो इवलासा त्रिकोण कुणी गोळा करत नाही, तो थेट गटारात जातो. पिशवी विसळायची, आतलं पाणी निथळेल अशी भांड्याच्या जाळीवर उलटी अडकवायची, वाळली की जुन्या उशीच्या अभ्र्यात. महिन्याअखेर रद्दीवाला वजनावर घेतो. विसळायला आळस केलात तर दुसऱ्या दिवशी वास येतो आणि रद्दीवालाही नाक मुरडतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र तो घेत नाही, कारण त्यात प्लॅस्टिकचे आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. त्यावर उपाय एकच, कोपऱ्यावरच्या दुकानातून वेफर्स डब्यात घेऊन येणं. ते ताजेही असतात.

आता खत. याचं लोकांनी उगाच अवघड शास्त्र करून ठेवलंय. झाकणाचा एक ड्रम किंवा मोठी बादली घ्या, बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. बाल्कनी नसेल तर खिडकीच्या ग्रिलमध्येही मावते, फक्त पावसाची झड लागणार नाही असं बघा. आणि शेजारी हवं सुक्या पानांचं पोतं. खत करणाऱ्याने आधी हे पोतं भरावं, बादली नंतर आणली तरी चालेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पानगळ होते तेव्हा झाडणाऱ्या काकांना सांगून ठेवा, वर्षभराची बेगमी होते. नाहीतर ती पानं कुणीतरी पेटवतो आणि सगळ्या इमारतीला धूर.

तळाला पानांचा जाड थर, त्यावर दिवसाचा ओला कचरा, त्यावर तेवढीच पानं चुरडून. पहिल्या वेळी वाटीभर आंबट ताक किंवा कुणाकडचं मूठभर तयार खत शिंपडा. आठवड्यातून दोनदा काठीने वरखाली करा. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा (साखर धुवून), चुरडलेली अंड्याची टरफलं चालतात. मासळीची घाण, हाडं, तेलकट उरलंसुरलं आणि करवंट्या नकोत, ते घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात जाऊ दे. आंब्याच्या कोयी मे महिन्यात फार होतात. त्या कुजायला जन्म जातो, बादलीत भरती करू नका.

आतला ओलावा ओळखायचा कसा? मूठभर घेऊन दाबा. हाताला ओल लागली आणि जेमतेम थेंब आला तर बरोबर. पाणी ओघळलं तर पानं वाढवा. सडका वास येतो तो जास्त पाण्यामुळे आणि हवा कोंडल्यामुळे, कचऱ्यामुळे नव्हे. दोन मुठी पानं घालून ढवळलं की दुसऱ्या दिवशी जातो. मुंग्या झाल्या म्हणजे कोरडं पडलंय. चिलटं झाली तर वर पानांचा थर जाड करा, थोडी कडुनिंबाची पेंड भुरभुरवा. आणि कधी पांढुरक्या, जाडसर अळ्या दिसल्या तर किंचाळू नका. त्या बहुतेक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या असतात, त्या तुमचंच काम करतायत. सासूबाईंना हे पटवायला वेळ लागला, पण आता त्याच झाकण उघडून ‘आज काय म्हणतायत’ बघतात.

बादली भरली की दुसरी सुरू करायची, पहिली दीड-दोन महिने तशीच सोडायची. पावसाळ्यात जास्त वेळ घ्या. केळ्याची साल ओळखू येईनाशी झाली की चाळून घ्या. जाड भाग पुन्हा नव्या बादलीत.

मोरी

नवी मुंबईला पाणी येतं ते खालापूरकडच्या मोरबे धरणातून, आणि ते महापालिकेचं स्वतःचं धरण आहे. या बाबतीत आपण नशीबवान. पण नशिबाचा उपयोग आपण काय करतो, तर घरोघर आरओ लावतो. आरओ एक लिटर गाळताना साधारण तीन लिटर बाहेर टाकतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. हे मोजायचं टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं. आधी नळाचं पाणी मोजा. आकडा त्याच्या बराच खाली असेल तर आरओची गरज नाही, जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक पडद्याचा) फिल्टर पुरतो आणि त्यात असं पाणी वाया जात नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी.

आरओ लागलेलाच असेल तर त्याची बारीक नळी सिंकमध्ये सोडू नका, खाली बादली ठेवा. ते पाणी लादी पुसायला, संडासात, मोरी धुवायला. बादलीला मोरीत जागा करा, नाहीतर चार दिवसांत ती पायात येते म्हणून कुणीतरी उचलून ठेवतं आणि नळी परत सिंकमध्ये.

तळणीचं उरलेलं तेलही सिंकमध्ये नको. पाइपात थिजतं, वर पिठाचे कण चिकटतात. कढई आधी रद्दी कागदाने पुसा, मग घासा. साबणही कमी लागतो.

बटणं

एसीचं फार लांबवत नाही. जानेवारी २०२० पासून स्टार असलेल्या नव्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ ठरवून दिलेलं आहे. एक अंश वाढवला तर साधारण सहा टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. आमच्या दमट हवेत २६ आणि हळू पंखा ही जोडी चांगली चालते.

खरी वीज पंख्यांत जाते, कारण नवी मुंबईत पंखा बंद करायची वेळ वर्षातून फार थोडी येते. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर एका पंख्यामागे महिन्याला वीसेक युनिट वाचतात. महावितरणचा दर १०० युनिटांनंतर चढतो, ३०० नंतर आणखी चढतो, त्यामुळे बिलात युनिटांपेक्षा जास्त फरक दिसू शकतो. सगळे एकदम बदलायचे नाहीत. जो रात्रंदिवस फिरतो तो आधी, म्हणजे बहुतेक घरांत हॉलमधला.

गणपती

शाडूची मूर्ती आणली म्हणजे झालं असं नाही. लहान मूर्ती घ्या, घरी मोठ्या बादलीत विसर्जन करा, विरघळायला वेळ द्या. नंतर ते गढूळ पाणी मोरीत ओतू नका, माती बसून पाइप तुंबतो. दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी झाडांना, खालची माती कापडावर वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला परत द्या. कुंडीत जाड थर दिलात तर तो वाळून कडक होतो आणि पाणी मुरत नाही.

निर्माल्यातले दोरे, जरी आणि थर्माकोल काढून दूर्वा, फुलं खताच्या बादलीत जातात. आमच्याकडे यावर सासूबाईंची एक अट आहे: निर्माल्याची बादली वेगळी, आणि तिचं खत पाय लागणार नाही अशा कुंडीलाच. म्हणून ते तुळशीला आणि वरच्या कठड्यावरच्या जास्वंदीला जातं. अट चांगली आहे, अशा अटींवर भांडू नये.

गच्ची

एवढं घरात जमलं की सोसायटीचा नंबर. सिडकोच्या जुन्या इमारतींवर गळतीमुळे पत्र्याची शेड असते, तिच्यावर सौर पॅनल बसू शकतात, फक्त शेडचा सांगाडा आधी इंजिनियरकडून तपासून घ्या. केंद्राच्या २०२४ मधल्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक विजेसाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे त्यात येतात. वार्षिक सभेत पर्यावरणावर भाषण करू नका, लोक चहा कधी येतोय ते बघत बसतात. सामायिक मीटरची बारा महिन्यांची बिलं काढा, वर्षाची बेरीज एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि खजिनदारांना सभेच्या आधी चार दिवस नेऊन दाखवा. ते स्वतःच विषय मांडतील.