किक परतवणारा खेळाडू ड्राफ्टमधून कसा निवडावा

इंदूरमध्ये रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) सामने पाहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींत ड्राफ्टची, म्हणजे संघांनी फेरीफेरीने नवे महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याची, चर्चा क्वार्टरबॅकपाशीच (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूपाशीच) संपते, याची मला मनापासून खंत वाटते.

संघाचा किक रिटर्न, म्हणजे किकऑफला (खेळ सुरू करणाऱ्या किकला) समोरच्याने मारलेला चेंडू घेऊन पुढे धावणे, सुधारायचा असेल, तर आधी 2024 चा किकऑफचा नियम नीट समजून घ्यावा. किक मारणाऱ्या संघाचे दहा खेळाडू आता समोरच्या संघाच्या 40 यार्डांच्या रेषेवर उभे राहतात, चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याला लागेपर्यंत त्यांना हलता येत नाही, आणि झेलणाऱ्या संघाची गोलरेषा ते 20 यार्ड या पट्ट्यात पडलेला चेंडू परतवावाच लागतो. त्यामुळे लांब धावेतील निव्वळ वेगापेक्षा पहिल्या दोन-तीन पावलांतली झेप, फट ओळखणारी नजर आणि धक्का पचवण्याची ताकद अधिक मोलाची ठरते; महाविद्यालयीन सामन्यांच्या चित्रफिती पाहताना नेमके हेच शोधावे.

ड्राफ्टची पहिली फेरी किक परतवणाऱ्यावर सहसा खर्चू नये. चेंडू परतवण्यात गाजलेल्यांपैकी डेव्हिन हेस्टर 2006 मध्ये दुसऱ्या फेरीत, तर टायरीक हिल 2016 मध्ये पाचव्या फेरीत मिळाला. कॉर्डरेल पॅटरसन मात्र 2013 च्या पहिल्या फेरीतला, आणि किकऑफ परतवून त्याने विक्रमी 9 टचडाउन (चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेऊन मिळवलेले गुण) केले.

उरलेल्या फेऱ्यांत चपळ लाइनबॅकर (बचावातील मधल्या फळीचे खेळाडू) व टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारे आक्रमक खेळाडू) घ्यावेत, कारण किकऑफच्या वेळी आपल्या 30 ते 35 यार्डांच्या पट्ट्यात उभे राहून वाट मोकळी करून देणारे तेच असतात.